केसाळ डोंगरांचं राज्य

धान कापून झालं की झाडीपट्टीतली जमीन रेघांची होते. धसकटांच्या रेघा, भाताच्या बांध्यांना वेढून गेलेल्या धुऱ्यांच्या रेघा, तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून नेणाऱ्या बैलबंड्यांनी ओल्या मातीत पाडलेल्या रेघा. परवा लेकाच्या गाडीतून गडचिरोलीकडे जाताना मी काच खाली केली आणि वाळत्या तणशीचा तो गोडसर, जरा कुबट वास नाकात शिरला. "आई, धूळ येते," लेक म्हणाला. येऊ दे म्हटलं. या वासाची मी वर्षभर वाट पाहते. त्याच्या मागोमाग मंडईच्या जत्रेतले पाळणे येतात, शंकरपटाच्या शर्यतीचे बैल येतात, चौकाचौकात नाटकांच्या जाहिराती चिकटतात. धान घरात येऊन पडलं की आमच्याकडच्या माणसांना नाटक पाहिल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

घरी परतले तर नात फरशीवर पालथी पडून नकाशा काढत होती. इरा कॉलेजात शिकते आणि फावल्या वेळात कादंबरी लिहिते. त्या कादंबरीत उडणारे साप आहेत, आकाशात चंद्रांची रांग आहे आणि असं एक राज्य आहे जिथे कुणी म्हातारं होत नाही. मला तिथे प्रवेश नाही, हे तिने आधीच प्रामाणिकपणे सांगून टाकलंय. त्या राज्याचा नकाशा ती बारीक टोकाच्या पेनाने काढत होती. डोंगरांवर केसासारख्या रेघा, जंगलात रेघा, समुद्रात रेघा. मी चष्मा पदराने पुसला, कागद खिडकीपाशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

"छान आहे गं. पण राजधानी कुठे आहे?"

"ती काय, लिहिलंय ना."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं. तिथे मला चेंगरलेली एक गोम दिसली.

"आजी, अशा रेघांना हॅचिंग म्हणतात. डेकोरेटिव्ह असतं. तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! जिच्या नकाशाची चूक खुद्द गाईने दाखवून दिली, त्या बाईला नाही कळायचं. मी तिच्याशेजारी बसकण मारली. गुडघे कुरकुरले, त्यांच्याकडे लक्ष न देता तिला माझ्या नकाशाची गोष्ट सांगू लागले.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे, त्या हिवाळ्यात खऱ्या नकाशांनाही चैन नव्हती. राज्यांची फेरमांडणी झाली होती. आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. घर, विहीर, गाय सगळं जागच्या जागी. जिल्हा तेवढा पूर्वीसारखाच चांदा म्हणवून घेत होता. माझे बाबा जंगल खात्यात नकाशांच्या नकला करायचे. आता नकाशांवरची जुनी नावं जाऊन नवी यायची होती, म्हणून त्यांना चांद्याला बोलावून घेतलं होतं. वैनगंगेपासून जवळच असलेल्या आमच्या गावात मागे राहिलो माय, मी आणि आमची कपिली गाय.

मी तेरा वर्षांची होते आणि माझ्याइतकी शहाणी मुलगी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर नाही, अशी माझी खात्री होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि लोकांना दिसावा म्हणून कानावर खोचलेला एक टाक. टाकाला निब नव्हती. हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी मान सदोदित एका बाजूला कलती ठेवायची. माय म्हणायची, "मान लचकली का वं तुही?"

अशा त्या विदुषीच्या दारात एका सकाळी गणपतभाऊ आला. गणपतभाऊ म्हणजे गावच्या नाटक मंडळीचा सगळा कारभार. नाटक तोच लिहायचा, तोच बसवायचा आणि राजाही तोच व्हायचा. दिवसा खळ्यावर मळणी, दिवेलागणीला सिंहासन.

"शके, बाबा कधी येतीन तुहे? मले एक नकाशा पायजे होता."

"कशाचा नकाशा?"

"माह्या राज्याचा," तो म्हणाला, सातबारा मागावा इतक्या सहज. "औंदाच्या नाटकात राजा दोन पोराइले राज्य वाटून देते. मागच्या साली लढाईचं नाटक केलं, तं लोकाइले समजलंच नाई, कोण कोणाच्या घरात घुसून राह्यला. मागच्या पडद्यावर राज्यच काढून टांगतो म्हटलं. राजा तलवारीनं दाखवीन, का हे तुह्यं, हे त्याचं."

"बाबा नाही येत एवढ्यात. मी काढून देते."

"तू?"

"बाबांच्या हाताखाली शिकले मी." हे शिक्षण म्हणजे बाबा काम करत असताना दौत लवंडू नये म्हणून ती धरून बसणे.

गणपतभाऊ हसला, पण नाही म्हणाला नाही. जाता जाता म्हणाला, "नकाशा चांगला झाला तं नाटकाच्या आंधी तुहं नाव पुकारीन, सगळ्यायसमोर." आणि मी संपले. आमच्या रंगमंचावरून तोवर एकाही बाईचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. राणीसुद्धा मिशी काढलेला कचरू असायचा. आता नाव घेतलं जाणार होतं माझं. मी त्या क्षणापासून गावातून चालताना लोकांच्या नमस्काराची वाट पाहू लागले. कुणी केला नाही.

सरकारी शाईला हात लावायची सोय नव्हती. "त्या दौतीले शिवशील तं हात मोडीन," असं मायने बजावलं होतं. मग चिमणीची काजळी खरवडली, धावड्याचा डिंक भिजवला, दोन्ही घोटून शाई केली. बाबांची दोन जुनी धोतरं शिवून एक केली. कापडाला ताठपणा हवा म्हणून चुलीपाशी गाडग्यात ठेवलेली भाताची पेज घेतली आणि कापड त्यात बुडवून वाळत घातलं. ती पेज मायने आमच्या पिण्यासाठी मीठ घालून ठेवलेली होती. संशोधक माणसं अशा बारीकसारीक गोष्टींची चौकशी करत नाहीत.

आणि मग रेघा. त्या दिवसांत मला रेघांचं वेड लागलं होतं, ते अजून पुरतं उतरलेलं नाही. गावातल्या काशीबुढीच्या दंडावर गोंदलेल्या आडव्या उभ्या ओळी, बुरडाने सोललेल्या बांबूच्या कामट्या, फणीने विंचरलेले ओले केस, कुडाच्या भिंतीतून अंगणात पडणारं पट्ट्यापट्ट्यांचं ऊन. जिकडे पाहावं तिकडे कुणीतरी रेघा मारून ठेवलेल्या. बाबांच्या नकाशांवर टेकड्यांच्या उतारावर बारीक बारीक फटकारे असत, जिथे उतार सरळ तिथे दाट, जिथे सौम्य तिथे विरळ. कोऱ्या कागदावर माती वर उचलली जायची. मला ती जादू वाटायची. म्हणून मी ती जादू सगळीकडे केली. डोंगरांवर केली, सपाट मैदानावर केली, राजवाड्यावर केली. समुद्र आमच्या गावात कुणीच पाहिला नव्हता, तेव्हा तिथे तर माझ्या हाताला विचारणारंच कुणी नव्हतं. आडव्या लाटा, त्यांत उभ्या लाटा.

नावंही तशीच. गणपतभाऊच्या नाटकात "नदी", "गड", "जंगल" एवढंच होतं. मी नदीचं नाव ठेवलं चंद्रशीतलमंदाकिनी. गडाचं वीरसिंहगर्जनादुर्ग. एवढी नावं बसेनात, म्हणून अक्षरं बारीक केली, आणि बारीक अक्षरं गरीब दिसू लागली, म्हणून प्रत्येकाला वेलबुट्टी काढली. वेलांट्यांना पानं फुटली, उकारांना शेपट्या.

खळ्यावर दोन बांबू रोवून कापड ताणलं, तेव्हा मळणी थांबवून माणसं जमली. मी मान कलती ठेवून उभी. गणपतभाऊ दहा पावलं मागे गेला, अजून थोडा मागे गेला, मग तणशीच्या ढिगावरच चढला.

"पोट्टे, हे राज्य हाय का गोधडी?"

काशीबुढी म्हातारी असली तरी नजरेने पक्की. ती पुढे आली, एका डोंगरावरून बोट फिरवत म्हणाली, "कित्ती केसाळ डोंगर वं माय! विंचरून तरी द्याचे होते."

सगळं खळं हसलं. बैलही हसले असतील. मी मान सरळ केली आणि टाक खाली पडला.

गणपतभाऊ ढिगावरून उतरला. तो चिडला नव्हता, उलट हळू बोलला, आणि तेच जास्त लागलं. "पाय शके. लहान पोट्टे समोर बसतेत, त्याइले वाचता येते. पण मोठी माणसं मागं. मागं ते चिचीचं झाड हाय ना, तिथी आपला पोस्ट्या महादूभाऊ उभा राह्यते. तो वाचून सांगते तवा बाकीच्याइले समजते. रंगीत तालमीले महादूभाऊले तिथीच उभा करतो. त्यानं नावं वाचली, तं तुहा नकाशा. नाई तं वडशाचा पेंटर आणतो. मंग नाव त्याचं पुकारीन."

मी नकाशा गुंडाळला आणि घरी आले. या अडाणी लोकांना कला कळत नाही, असं मी कपिलीला सांगितलं. मायला सांगण्याची हिंमत नव्हती. नकाशा अंगणातल्या कुडावर भिरकावला आणि तणशीत तोंड खुपसून यथेच्छ रडले. रडताना मनात वडशाच्या पेंटरच्या बोटांना लकवा भरवून झाला, गणपतभाऊचा मुकुट गडगडत वैनगंगेत बुडवून झाला.

सकाळी मायच्या हाकेने जाग आली. "शके! उठ वं! गाय तुहं राज्य खाऊन राह्यली!"

कपिली डोळे मिटून, मनापासून, नकाशा चाटत होती. मिठाची पेज तिला आवडली होती. नदीचा मधला सगळा भाग तिने जिभेने साफ केला होता, तिथली काजळी, डिंक, लाटा, झाडं, चंद्रशीतल आणि मंदाकिनी दोघीही तिच्या पोटात गेल्या होत्या. तिच्या नाकाला काळा डाग लागला होता.

"प्याची पेज कापडाले लावली तूनं?" मायने गाडगं पाहिलं होतं. "बापा बापा! अन् मी दोन दिवसापासून सांगून राह्यली का पेज पुरून काऊन नाई राह्यली!"

मी कपिलीला ढकललं, कापड ओढलं. मध्ये हातभर भुरकट जागा मोकळी पडली होती. इतका राग आला होता की वेलबुट्टी काढायलाही जीव नव्हता. कुंचल्यात उरलेल्या शाईने त्या जागेत मी नुसतं लिहिलं, जाड, एकाच फटकाऱ्यात: चांदणी. नदीला लहानसं नाव, मायने नुकत्याच घातलेल्या शिवीएवढं.

मग घागर घेऊन विहिरीवर गेले. परत येताना, गल्लीच्या टोकावरून, कुडावर लटकलेलं माझं राज्य दिसलं. डोंगर नाही, गड नाही, समुद्र नाही, सगळा काळा चिखल. आणि त्या चिखलातून एकटी चांदणी चालत माझ्याकडे आली. घागर कमरेवर तशीच ठेवून मी उभी राहिले. पाणी पायावर सांडत होतं.

एवढ्या वर्षांनी वाटतं, माणसाला अक्कल येण्याचा क्षण फार मोठा असतो असं आपण उगाच समजतो. माझ्या बाबतीत तो गाईच्या जिभेच्या मापाचा होता.

इराला मी हे सांगितलं, तेव्हा तिने तोंड वाकडं केलं. "म्हणजे हॅचिंग काढूच नको?"

"काढ की. मी सोडलं का?"

मी सोडलं नाही. दुपारभर त्या कापडापुढे बसून राहिले. पहिल्यांदाच रेघांकडे न पाहता अक्षरांकडे पाहिलं. आपली अक्षरं डोक्यावर आडवी काठी घेऊन चालतात. तुम्ही मागे आडव्या लाटा मारल्या की ती काठी लाटांत बुडते आणि खाली नुसते हातपाय लोंबतात. उभे फटकारे मारले की प्रत्येक काना त्या गर्दीत हरवतो. म्हणजे आपल्या लिपीच्या शेजारी रेघ घालायची तर ती तिरपी हवी, आणि नावाच्या भोवती थोडं अंगण सोडायला हवं. नदीकाठी नाव लिहायचं तर उकार पाण्यात पाय सोडून बसणार नाही, हेही बघायला हवं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी ते माझं मला दिसलं, आणि दिसलं तेव्हा फार आनंद झाला. इतका की मी मायला जाऊन मिठी मारली. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

धोतर तळ्यावर नेऊन धुतलं. काजळी पुरती गेली नाही, तरी काळं राज्य राखाडी झालं. त्यावर घर सारवायच्या पांढऱ्या मातीचा हात दिला. पेज या वेळी बिनमिठाची, आणि कापड वाळवलं ते छपरावर, कपिलीच्या नजरेआड. आधी नावं लिहिली, मग त्यांच्याभोवती देश काढला. पहिल्या खेपेला उलट केलं होतं: आधी देश, मग नावाला उरेल त्या फटीत नाव. गड झाला गर्जना. जंगल झालं काळवन, डोंगर झाला उंटडोंगर. डोंगराला फक्त सावलीच्या अंगाला तिरपे फटकारे, उन्हाच्या अंगाला काही नाही. ते काही नाही काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात शिवशिवायचा. अंगठा मुठीत दाबून धरायची. समुद्रात मात्र एका कोपऱ्यात, जिथे नाव नव्हतं, तिथे हौस फेडून घेतली. शेपटीवाले मासे काढले. तेरा वर्षांची मुलगी एका दिवसात सगळीच सुधारत नसते.

पेट्रोमॅक्सच्या बत्त्या खेळाच्या दिवसापुरत्याच यायच्या, म्हणून रंगीत तालीम भर दुपारी असायची. ऊन स्वच्छ, तणशीचे ढीग पिवळेजर्द, पाखडलेल्या धानाचा भुसा हवेत. निम्मं गाव जमलं होतं. मागे चिंचेखाली पोस्ट्या महादूभाऊ खाकी कोट घालून उभा राहिला. मी मंचाच्या कडेला उभी राहून वेणीची रिबीन सोडत होते, पुन्हा बांधत होते. कचरू राणीच्या वेशात माझ्या शेजारी विडी ओढत होता. म्हणाला, "भेऊ नको. नाईच वाचलं तं मी मूर्च्छा येऊन पडतो, लोकाइचं ध्यान तिकडं जाईन."

पडदा वर गेला. गणपतभाऊने तलवार वर केली. महादूभाऊने डोळे बारीक केले, तार वाचावी तसा खाकरला, आणि थेट मागून त्याचा आवाज आला.

"चांदणी. गर्जना. काळवन. उंटडोंगर." थोडं थांबून, "समुद्रात मासे बी हाय."

मला वाटलं, झालं, जिंकले. पण खरी गंमत पुढे होती. राजा म्हणाला, "प्रधानजी, आम्ही राज्याची समसमान वाटणी करत आहोत. चांदणी नदीसह पूर्व प्रांत थोरल्याला, आणि उंटडोंगरासह पश्चिम प्रांत धाकट्याला!"

"थांब बापा," काशीबुढी उठून उभी राहिली. "हे कोणती समसमान? पाणी सप्पा मोठ्याले, अन् लहान्यानं उंटडोंगर चाटावं का?"

"धान काय गोट्यावर पिकवीन काय तो?" दुसऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी.

"गणपत, तुह्या घरी तू मोठा व्हय ना, म्हून!"

मैदानभर कालवा झाला. गणपतभाऊ "नाटक हाय हे, नाटक!" म्हणून ओरडत होता. पण शब्दांत लपलेला अन्याय आता कापडावर टांगलेला होता. तो त्याने स्वतःही आज पहिल्यांदाच पाहिला. तो वळून नकाशाकडे बघत राहिला, मुकुट मागे सरकवून डोकं खाजवलं. मग मला हाक मारली. "शकूबाई, वरतं ये. हद्दीची रेघ सरकव."

शकूबाई! माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बाई. मी वर चढले. त्या मंचावर चढणारी मी पहिली मुलगी, हे चढताना सुचलं नाही, नाहीतर मान पुन्हा कलती झाली असती. ओल्या मातीच्या बोळ्याने जुनी हद्द पुसली. नवी हद्द नदीच्या मधोमध ओढली, दोघांना एकेक काठ. मागून मायचा आवाज आला, "नावावरून नको नेऊ वं!" नव्हतेच नेत. रेघ चांदणीपाशी आली तेव्हा मी कुंचला उचलला, नाव ओलांडलं, आणि पलीकडे पुन्हा टेकवला.

इरा आता उठून बसली होती. पेन बाजूला पडलं होतं. "मग खेळ झाला? नाव पुकारलं?"

पुकारलं. "नकाशा, शकुंतलाबाई," असं पुकारलं, आणि माय माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटत होती की मला नीट ऐकूही आलं नाही. पण त्या दिवशीचं मनात राहिलं ते हे नाही. बत्त्यांच्या पांढऱ्या उजेडात गणपतभाऊ राजा उभा राहिला, मैदान मागपर्यंत भरलेलं, आणि महिनाभर पाठ केलेलं त्याच्या तोंडात इतकं रुळलेलं होतं, की नदीचं नाव नवं घेऊनही वाटणी तो जुनीच बोलून गेला: "चांदणी नदीसह पूर्व प्रांत थोरल्याला!"

मैदानातून एकच आरोळी उठली. "नकाशा पाय ना महाराज!"

राजा दचकला. सावकाश वळला. मग गणपतभाऊने असं काही केलं जे कुठल्याही तालमीत नव्हतं. त्याने तलवारीचं टोक नदीच्या नावाखाली टेकवलं आणि शाळेतल्या पोरासारखं एकेका अक्षराखालून सरकवत मोठ्याने वाचू लागला. "चां..." समोरची पोरं त्याच्याबरोबर वाचू लागली. "द..." आता मागची माणसं, काशीबुढी, माझी माय. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, ते तलवारीच्या टोकाकडे बघत होते आणि बाकीच्यांच्या आवाजात आवाज मिसळत होते. शेवटच्या णी ला सगळं मैदान एका तोंडाने बोललं, आणि आपण वाचलं या आनंदात पुन्हा एकदा बोललं.